राणीने धरला माझा पदर

आधी हातातला चहाचा कप खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हे माझ्या जावेला सांगितलं तेव्हा तिच्या नाकातून चहा बाहेर आला आणि वर मलाच म्हणाली, "तुझ्यामुळे झालं." माझ्यामुळे! तसं जगात कुठेही काही बिघडलं की ते माझ्यामुळेच असणार असं मलाही वाटतं, म्हणून मी तिला पुसायला फडकं आणून दिलं.

पण असला वेंधळेपणा तुमच्यापैकी कुणी केला नसेल, हे मी पैजेवर सांगते. कारण त्यासाठी तीन गोष्टी एका वेळी जमून याव्या लागतात. हातात सुई, मांडीवर राणी आणि समोर टीव्हीवर भूत.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी निपाणीकडची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग शिवण शिकले, मग लग्न होऊन थेट म्हैसूरला आले. आमचं घर तिथल्या विजयनगर भागात. म्हैसुरात आमची शिंप्यांची घरं कितीतरी पिढ्यांपासून आहेत. घरात मराठीच बोलतात, पण ती कशी? सासूबाई, त्यांना आमच्यात आत्याबाई म्हणतात, पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सुम्ने बसू नको गं, ऊटा करून घे." उठून काय करायचंय ते मला कळेना. मी उठून केर काढला. त्यांना वाटलं, सून फार कामाची आहे! सुम्ने म्हणजे उगीच, गप्प; ऊटा म्हणजे जेवण, मला जेवायला बोलावलं होतं हो. केर काढून मी उपाशी बसले.

मग माझं कन्नड कुणी सुधारलं असेल? भुतांनी!

दुपारी दोन वाजता केबलवर रोज एक जुना पिक्चर लागायचा, आणि त्यात दोन दिवसांआड भूत असायचं. मी ब्लाउजांचे हूक-काज, साड्यांचे फॉल मांडीवर घेऊन समोर बसायची. हात आपोआप चालतात, डोळे मोकळे. बघता बघता अशी भाषा आली म्हणता! फक्त सगळी भुताच्या तोंडची. एकदा भाजीवाल्याने किडकी वांगी दिली, तर मी हात पुढे करून म्हटलं, "निन्न बिडल्ला!" म्हणजे तुला सोडणार नाही. तो अजून मला कोथिंबीर फुकट देतो आणि डोळ्यांकडे बघत नाही.

गोष्ट नेहमी तीच. एक गरीब बिचारी बाई. चार दुष्ट मिळून तिला विहिरीत ढकलतात. मग ती पांढरी साडी नेसून, अर्धा डबा पावडर फासून परत येते. केसांचा टोप तिरका असतो. हवेत उडते तेव्हा वरची दोरी दिसते. दिसली तर दिसली! एकजण भिऊन पलंगाखाली लपतो, तर भूत आधीच तिथे पाय पसरून बसलेलं, आणि त्यालाच म्हणतं, "जरा सरका." मी हसते आणि किंचाळते, दोन्ही एकदम. आणि सूड कसा घेते हो ती! एकेकाचा, रांगेत उभं करून. जिवंतपणी जिला कुणी साधं पाणी विचारलं नाही, ती मेल्यावर सगळ्या गावाला धोतर हातात धरून पळायला लावते. बघून मन कसं गार होतं.

मला काही कुणी विहिरीत ढकललेलं नाही. पण ब्लाउज तीनदा उसवायला लावून "पहिलंच बरं होतं" म्हणणारी बाई? बसमध्ये मी पोर घेऊन उभी असताना खिडकीशी झोपेचं सोंग घेणारा तो मिशीवाला? अशा सगळ्यांना मी त्या चार दुष्टांच्या जागी बसवते, भुताच्या हवाली करते, आणि साडेचारला शांतपणे चहा टाकते.

तुम्ही म्हणाल, लहान पोर असलेल्या बाईने असलं बघावं का? अहो, लहान पोर आहे म्हणून तर बघते! आमची चिन्नी साडेचार वर्षांची. ती झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाशी बोट धरते. जागी असली की मला जिना दिसतो, गॅस दिसतो, सुया दिसतात. दिवसभर ही भीती माझ्या मागे, आणि तिला ना तोंड ना वेळ. पिक्चरमधलं भूत तसं नाही. दोनला येतं, साडेचारला जातं, मध्ये साबणाच्या जाहिराती. तेवढा वेळ मी बाकी कशालाच भीत नाही. चिन्नीला मात्र मी टीव्हीकडे पाठ करून बसवायची, चित्रांचं पुस्तक देऊन. आई आहे ना मी!

आणि इतके पिक्चर बघून भुताचा एक नियम मला पाठ झाला होता. भूत आधी वस्तूंवर राग काढतं. मग घरातल्या पुरुषावर. आणि शेवटी, ज्याने चूक केली त्याच्या सगळ्यात लाडक्या माणसाकडे वळतं. हा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं.

आता राणीकडे येते.

म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्या करायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, आणि सगळ्यात वर लाकडाचे राजाराणी. बाकीच्या बाहुल्या दरवर्षी वाढतात, फुटतात, पण राजाराणी मुलीला लग्नात माहेरून मिळालेले, ते जन्मभर तेच. आत्याबाईंचे राजाराणी टी. नरसीपूरहून त्यांच्याबरोबर आलेले. दीड वीत उंच, काळेभोर डोळे, आणि राणीचं नाक असं सरळ की बघत राहावं. त्या राणीला आत्याबाई कुणाला हात लावू देत नसत. दरवर्षी दार लावून स्वतः पुसायच्या, स्वतः रंगवायच्या, स्वतः नेसवायच्या. सगळे म्हणायचे, काय ती भक्ती!

आणि त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या दिवशी त्यांनी राणी माझ्या हातात दिली.

"माझे डोळे आता साथ देत नाहीत. यंदा तू नेसव. शिंप्याची सून आहेस, नीट कर," म्हणाल्या, आणि पडायला आत गेल्या.

माझी छाती अशी फुगली! पण घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं होती.

आता एक आमच्या घरातला नियम सांगते. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. कधीच नाही. बटण तुटलं तरी कपडा काढून द्यायचा, मग शिवायचं. अगदीच अडलं तर ज्याच्या अंगावर टाका घालायचा त्याने दातात दोरा धरायचा, म्हणजे दोष लागत नाही. राणीची साडीसुद्धा आधी पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर चुण्या घालून शिवायची, आणि मग वरून तिला घालायची. त्याला तासभर लागतो. आणि पिक्चर होता नवीन.

मी काय केलं? राणीला मांडीवर घेतलं, जरीची साडी तिच्या अंगावरच गुंडाळली, आणि लागले टाके घालायला. लाकडाची बाई दातात दोरा धरणार कसा? म्हटलं, देव बघून न बघितल्यासारखं करील.

टीव्हीवर भुताने तिसऱ्या दुष्टाला गाठलं होतं. तो आरशात बघून मिशीला पीळ देतोय, आणि आरशातून हळूच हात बाहेर येतोय. त्याला कळत नाही. मला कळतंय! माझी सुई पळतेय. हात पुढे आला, अजून पुढे आला, आणि वळसा घालून त्याचा सदरा मागून गच्च धरला.

मी किंचाळून उठले, आणि त्याच क्षणी कुणीतरी माझा पदर गच्च धरला.

मागे वळून बघते तर राणी! माझ्या पदराला लोंबतेय, आणि डोळे थेट माझ्यावर. मी स्वयंपाकघरात पळाले. मागे ठक ठक ठक. मी फिरून मधल्या खोलीत. मागे ठक ठक ठक. शेवटी न्हाणीघरात शिरले आणि दार लावून कडी घातली. पदर अडकला दारात. राणी राहिली बाहेर. मी पदर आत ओढला की ती बाहेरून दार वाजवायची. ठक्! मी आतून म्हणतेय, "ताई, मी काही केलं नाही हो!" ठक्!

मग चिन्नीचा आवाज आला. "आई, राणीला तुझ्याबरोबर आंघोळ घालणारेस का?"

दार उघडून बघितलं. साडी शिवता शिवता मी माझा पदरही तिच्यात शिवून टाकला होता. एक टाका नव्हे, वीतभर! आणि इतका बारीक, एकसारखा टाका माझ्या हातून त्याआधी कधी पडला नव्हता.

मला हसू आलं. मग राणी सरळ केली आणि हसू गेलं.

राणीला नाक नव्हतं.

सगळं घर धुंडाळलं. पलंगाखाली, मशिनखाली, न्हाणीघराच्या मोरीत. नाक नाही. आत आत्याबाई घोरतायत, मी गुडघ्यांवर रांगतेय, मागे चिन्नी रांगतेय, तिला वाटतंय खेळ आहे.

सांगायचं होतं हो. खरंच सांगणार होते. पण त्या उठल्या आणि पहिलंच वाक्य, "काय, जमलं का? माझ्या आईने दिलेली आहे ती." आता यावर तुम्ही असता तर बोलला असता?

मी म्हटलं, "जमलं."

आणि मग शिंप्याचं डोकं चाललं. ब्लाउजच्या कामाचे मोती होते, तारेत ओवले, आणि राणीला एक भलीमोठी नथ घातली. अर्धं तोंड झाकणारी. वर थोडा मेणाचा गोळा. लांबून बघितलं तर आमच्या निपाणीच्या पाटलीणबाई वाटत होत्या.

आत्याबाईंनी चष्मा पुसला, राणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा राणीकडे बघितलं. "छान आहे," म्हणाल्या. बस्, एवढंच. मी सुटले!

कसली सुटतेय. तिथूनच तर सुरू झालं.

पहिल्या दिवशी मशिनची सुई तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. तिसरी कडाड् करून उडाली ती माझ्या कानाजवळून. आणि संध्याकाळी दिवा लावायला गेले तर राणीने मान नव्हे, सगळं अंगच फिरवलेलं! राजाकडे पाठ, तोंड सरळ माझ्या मशिनकडे. जिथे मी तिला टाके घातले तिकडे. मी चुपचाप तिला सरळ केलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मशिनकडे.

तिसऱ्या दिवशी आमचे हे मेटगळ्ळीच्या कारखान्यातून येताना चिखलात स्कूटरवरून घसरले. लागलं काही नाही. पँट गुडघ्यावर फाटली तेवढीच. घरात येऊन माझ्यापुढे पाय धरून उभे.

"दोन टाके घाल गं चटकन. मला परत जायचंय. अंगावरच शिव."

"अंगावर नाहीऽऽ!" मी अशी ओरडले की ते पुन्हा घसरले.

"अगं, झालं काय तुला?"

"काढा! काढा आधी!"

"दार उघडं आहे! शेजारचे काय म्हणतील?"

त्यांना सांगू तरी काय? वस्तू झाल्या, पुरुष झाला, आता कुणाची पाळी ते मला माहीत होतं. त्या दिवशी मी चिन्नीच्या कपाळाला किती वेळा हात लावला त्याचा हिशेब नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, माझं कपाळ पुसून जाईल."

तुम्ही विचाराल, मग इतकं होऊनही तू दुपारचे पिक्चर बघत होतीस? अहो, आधी मजा म्हणून बघत होते. आता अभ्यास म्हणून! सूड थांबतो कसा, ते बघायला नको? रोज बघायची, आणि रोज पिक्चर संपून उठले की राणी फिरलेली.

अभ्यासातून एवढं कळलं की भूत पूजेला भुलत नाही, पैशाला भुलत नाही, विनोदी नटाने गाणं म्हटलं तर जरा भुलतं. पण खरं शांत कधी होतं? ज्याने चूक केली तो समोर येऊन कबूल होतो तेव्हा. आधी विचारायचं, तू कोण, तुला काय पाहिजे. मग सगळं कबूल करायचं. मग ती हात जोडते आणि धूर होऊन जाते.

पाचव्या दिवशी दुपारी चिन्नी शिंकली.

एक शिंक! एकच. पण मला ती पुरली. मी टीव्ही बंद केला. ऐन दोन वाजता! माझ्या संसारात असं पहिल्यांदाच झालं. आत्याबाई पायऱ्यांमागच्या खोलीत पडलेल्या, पडदा ओढलेला. मी बाहुल्यांसमोर हळदीचं रिंगण काढलं, चिन्नीला मांडीवर घट्ट धरून आत बसले, एका हातात लिंबू घेतलं. कोणत्या भाषेत बोलावं? राणी नरसीपूरची. म्हणजे कन्नड. आणि माझं कन्नड तर तुम्हाला माहीतच आहे कुठलं ते.

"यारु नीनु?" मी जाड आवाज काढला. "एन बेकु निंगे?"

तू कोण, तुला काय पाहिजे. चिन्नीने वर बघितलं. राणीने, म्हणजे राणी काय करणार, ती नथीआडून बघतच होती.

मी पुन्हा म्हटलं, "एन बेकु निंगे? साडी पाहिजे का? नवीन साडी शिवते. नळकांड्यावर शिवते, अंगावर नाही. माझ्या पोरीला सोड. काय पाहिजे ते माझ्याकडून घे!"

आणि पायऱ्यांच्या मागून आवाज आला.

"मूगुऽऽ..."

माझ्या हातातलं लिंबू सुटलं.

"नन्न मूगु एल्लिऽऽ?"

माझं नाक कुठे आहे! अगदी असंच विचारलं हो! मी चिन्नीला काखेत मारलं आणि कशी चढले देव जाणे, पण दुसऱ्या क्षणाला मी पायमशिनच्या फळीवर उकिडवी बसले होते. एक पाय खाली पायट्यावर. तो थरथरतोय, तसं मशिन चालतंय, खडखडखडखड, आणि त्या तालावर मी कबूल होतेय. "मी फोडलं! मी! अंगावर टाके घातले! पदर शिवला! पिक्चर बघत होते! नथ खोटी आहे! नाक सापडत नाही हो, मोरीतसुद्धा बघितलं! आत्याबाईंना सांगू नका!"

"आई," चिन्नी काखेतून म्हणाली, "ती आज्जी आहे."

"गप्प बस, चिन्नी! राणी आहे ती!"

"अगं, आज्जीचा पाय दिसतोय."

त्याच वेळी दारात तीन चिमण्या मुली उभ्या राहिल्या. दसऱ्यात गल्लीतल्या मुली घरोघर विचारत फिरतात ना, बाहुल्या मांडल्यात का म्हणून, तशा. "गोंबे कूर्सिद्दीरा?" असं एका सुरात म्हणाल्या, आणि मला बघून त्यांच्या तोंडांचे आ तसेच राहिले.

पडदा बाजूला झाला. आत्याबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"कूर्सिद्दीवि, बन्नी मक्कळे," म्हणजे मांडल्यात, या गं पोरींनो, असं त्या मुलींना म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "ही मशिनवरची यंदाची नवीन आहे."

मुलींनी मला खालून वरपर्यंत बघितलं. एकीने विचारलं, "ही बोलते का, आज्जी?"

"बोलते. पण पाच दिवस उशिरा."

मुलींच्या हातावर चण्याची उसळ ठेवून त्यांना वाटेला लावलं, आणि आत्याबाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. मी अजून वरच. खाली यायचं धैर्य नव्हतं. त्यांनी कुंकवाची डबी उघडली आणि आतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

राणीचं नाक.

"केरात सापडलं. त्याच संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "चार दिवस वाट बघितली, तू सांगशील म्हणून. तू तर रोज राणीला हात जोडतेस, मला बघून पळतेस. मग म्हटलं, आता राणीलाच विचारू दे."

"आत्याबाई, तुमच्या आईने दिलेली राणी... माझ्या हातून..."

"सुम्ने बस. नाक उलटं करून बघ जरा."

मी बघितलं. मागे लाखेचा जुना, काळा पडलेला थर. एक नाही, थरावर थर.

"लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात मोडलं ते, माझ्याच हातून," आत्याबाई म्हणाल्या. आणि तुम्हाला सांगते, त्या बाईला लाजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "लग्नाआधी नरसीपूरला तंबूतल्या सिनेमात एक भुताचा पिक्चर बघितला होता मी. भूत जात्यातून यायचं. काय गं आवडला होता! इथे आले तर नणंदेने कधी भूत बघितलेलं नव्हतं. तिला दाखवायला म्हणून राणीला पांढरा टॉवेल गुंडाळला, आणि जात्यामागून अशी उडवली... ती उडाली ती थेट उंबऱ्यावर. लाखेने चिकटवलं. दरवर्षी दार लावून पुन्हा चिकटवायची, वरून रंग द्यायची. सासूबाई गेल्या, त्यांना कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे! लोक म्हणायचे, काय ती भक्ती. कसली भक्ती? भीती! पुढे डोळ्यांना दिसेना, म्हणून तुला दिली."

"म्हणजे ते पडणारच होतं?"

"आज नाहीतर उद्या! माझ्या हातून नाही पडलं, तुझ्या हातून पडलं. सुटले बाई एकदाची!"

आणि त्या हसायला लागल्या. आधी गालात, मग पोट धरून. मी मशिनवर रडत होते, त्या स्टुलावर हसत होत्या, आणि पाय माझा अजून पायट्यावर, त्यामुळे मशिन चालूच.

मग मला आठवलं. रडू थांबलं. "पण आत्याबाई, ती फिरायची कशी? रोज मशिनकडे तोंड करून? ते पण तुम्हीच?"

आत्याबाईंचं हसूही थांबलं. "नाही गं. मला वाटलं, तू फिरवतेस. नाक दिसू नये म्हणून."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मग दोघींनी हळूच राणीकडे बघितलं. मी पाय वर घेतला. आत्याबाईंनी स्टूल माझ्याजवळ सरकवलं.

"मी फिरवायची," चिन्नी म्हणाली. ती राजाला पायरीवरून खाली काढून बसली होती आणि रिंगणातली हळद त्याच्या गालाला लावत होती.

"तू? का गं?"

"तिला दिसत नव्हतं ना! माझ्यासारखी तिला पण तू टीव्हीकडे पाठ करून बसवलंस."

मशिनच्या मागे काय आहे आमच्या घरात? टीव्ही. राणी पाच दिवस माझ्याकडे बघतच नव्हती. ती पिक्चर बघत होती! स्कूटरचं म्हणाल तर तो चिखल होता, आणि सुयांचं म्हणाल तर मी सोळा नंबरच्या जाड सुईच्या जागी अकरा नंबरची बारीक सुई घालून जाड कापड शिवत होते. शिंप्याची सून!

शिंक? ती हळदीची असेल म्हणाल, तर हळद नंतर सांडली. कसली का असेना, पुन्हा आली नाही.

राणीला नवी लाख लागली. नथ मात्र आत्याबाईंनी काढू दिली नाही. गल्लीतल्या तीन राण्यांना तशाच नथी मी करून दिल्या, आणि प्रत्येक घरातली बाई जरा हळू आवाजातच मागायची. आता मला कळतं का ते. नाक काय एकट्या आमच्याच राणीचं गेलं असेल?

उरलेले नवरात्राचे दिवस मजेत गेले. दुपारी दोनला आत्याबाईसुद्धा बाहेर येऊन माझ्याशेजारी बसू लागल्या, मांडीला मांडी लावून. राणीला चिन्नीने सगळ्यांच्या संमतीने टीव्हीकडे फिरवून ठेवलं, आणि राजालाही फिरवलं, तो एकटा पडेल म्हणून. चिन्नीला मी आता पाठ करून बसवत नाही. कुशीत बसवते, आणि आरशातून हात येतो तेव्हा तिचे डोळे झाकते. ती माझे झाकते.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी शेवटचा पिक्चर होता. मी साडीला फॉल लावत होते. या वेळी सगळी काळजी घेतली होती बरं का. राणी पार तिकडे पायरीवर. माझा पदर कमरेला खोचलेला, घट्ट. चिन्नी आजीच्या पलीकडे. आणि उगीच दोष नको म्हणून दातात दोरासुद्धा धरलेला!

भूत जात्यातून आलं. तेच जातं, तोच पिक्चर! आत्याबाई "हाच गं, हाच तो!" म्हणून ताडकन उठल्या, आणि त्यांच्यामागून मीही ओढली गेले.

फॉल लावायची साडी बाजूला तशीच पडली होती. मी अर्धा तास माझ्या निऱ्यांचा काठ आत्याबाईंच्या निऱ्यांना शिवत बसले होते. बारीक, एकसारखा टाका.

आत्याबाईंनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "उसवू नको आता. पिक्चर संपू दे. चल, दोघी मिळूनच चहा टाकू."

मला "चला" म्हणायचं होतं. पण दातात दोरा होता ना.